वाघजळीची बिनतोंडाची साखर

घाटाच्या पायथ्याशी वाघजळी म्हणून एक गाव आहे. चैत्री पाडव्याला तिथं गेलात तर दारोदार गुढ्या दिसतील. गुढीला कडुलिंबाचा डहाळा दिसेल, नवं कापड दिसेल, उपडा तांब्या दिसेल. पण साखरेच्या गाठींची माळ एकाही गुढीला दिसणार नाही. बाजारातली गाठी या गावात कोणी आणतच नाही. त्याऐवजी पाडव्याच्या आदल्या दिवशी घरोघरी लाकडाचा एक ओबडधोबड ठोकळा पाण्यात भिजत घालतात. ठोकळ्याला चौकोनी खाचा असतात. त्या खाचांत घरी केलेला साखरेचा पाक ओततात आणि सकाळी ठोकळा पाटावर आपटला की पांढऱ्या वड्या सुटून पडतात. वडीवर ना नक्षी, ना रंग, ना ओवायला दोरा. बाया त्या वड्या पदराखाली घेऊन गावभर हिंडतात, ज्याच्या त्याच्या तळहातावर एकेक ठेवतात आणि तो खाईपर्यंत समोर उभ्या राहतात.

बाहेरून आलेले पाहुणे हे बघून विरघळतात. "किती साधी भेट! किती निर्मळ माणसं!" असं म्हणत फोटो काढतात. मग देवळाच्या पायरीवर बसलेली सोनाक्का गुरवीण त्यांच्याकडे बघून हसते, आणि ते हसू काही फारसं चांगलं नसतं.

"निर्मळ म्हणं," ती म्हणते. "पाहुणं, ही वडी मायेची न्हाई. जिनं पहिली वडी केली, तिला ह्या गावातलं एकबी माणूस आवडत नव्हतं. बसा, सांगते."

आणि ती सांगते ती गोष्ट अशी.

फार वर्षांपूर्वी, बैलांचे तांडे मीठ, साखर, नारळ लादून हा घाट चढत असत त्या काळी, वाघजळीचा पाटील हैबतराव म्हणून होता. त्याची जमीन मोठी होती, मिशा मोठ्या होत्या, आणि स्वतःविषयी त्याला जो आदर वाटे तो या दोन्हींपेक्षा मोठा होता, असे सांगतात. साखर तेव्हा गरिबाच्या घरी औषधालाही नसायची. ती यायची फक्त पाटलाच्या कोठारात. हैबतरावानं कुठल्याशा दूरच्या शहरातून कारागीर आणला आणि शिसवी लाकडाचे साचे कोरून घेतले. एक हत्तीचा, एक घोड्याचा, एक पोपटाचा. घोड्यावर स्वार होता आणि स्वाराला मिशा होत्या. साच्यातून घोडा निघाला की हैबतराव आधी मिशा नीट उठल्या आहेत का ते बघे. एखाद्या स्वाराच्या मिशा तुटल्या तर तो घोडा मोडून पुन्हा पाकात टाकत.

पाडव्याच्या दिवशी पाटलाच्या अंगणात ही साखर वाटली जाई. सोयऱ्याधायऱ्यांना हत्ती. मानकऱ्यांना घोडा. बाकी रयतेला पोपट. आणि पाटलाच्या मनातून जो उतरला असेल त्याला परातीच्या तळाशी उरलेला चुरा, पळसाच्या पानात. खालच्या आळीला चुराही नाही.

हे हैबतरावाचं झालं. पण गावाचं काय, ते ऐका. या दोन बोटांच्या साखरेसाठी सगळं गाव पार हलकं होऊन गेलं. मिळालेला घोडा कोणी खात नसे. तो दाराच्या चौकटीला टांगायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. वर्षभर तो तिथं लोंबकळायचा. धुरानं काळा पडायचा, मुंग्या त्याचे पाय खायच्या, माश्या त्याच्यावर बसायच्या, तरी घरचा धनी त्याच्याखालून जाताना मान ताठ करून जायचा. पोरगी द्यायची तर आधी विचारत, "त्यांच्या दाराला काय हाय? घोडा की पोपट?" पोपटवाल्यांच्या घरी घोडेवाले पाणीसुद्धा घाईघाईनं पीत. शेजारणी शेजारणी पहाटे सडा टाकताना एकमेकींच्या चौकटी न्याहाळत, आणि कोणाच्या घोड्याची मान गळून पडली तर दुसरीच्या पोटात दिवसभर आनंद मावत नसे.

या गावात आवडाई नावाची बाई होती. नाव आवडाई, पण तिला कोणीच आवडत नसे. अंगानं काटक, बोलायला तिखट, आणि माणसाकडे बघायची तर भाजीवाल्याच्या टोपलीतल्या सडक्या वांग्याकडे बघावं तशी. पाटलाचा तिला तिटकारा होता. पण पाटलापेक्षाही जास्त तिटकारा तिला त्या चौकटीखाली मान ताठ करणाऱ्यांचा होता. "पाटील निदान साखर खातो तरी," ती म्हणायची. "ह्यांना वास घ्यायला मिळाला तरी पोट भरतंय."

तिचा नवरा रखमाजी मात्र मवाळ माणूस. घराण्यानं मानकरी, म्हणून दरसाल त्याला घोडा मिळे. तो घोडा आणायचा, चौकटीला टांगायचा, आणि वर्ष सरलं की उतरवून, फडक्यात गुंडाळून, आतल्या खोलीतल्या रांजणात ठेवायचा. आवडाईनं पुष्कळदा म्हणून बघितलं, "अहो, भावाच्या पोराबाळांना तरी द्या." तो हसायचा. "अगं, खाल्ला म्हणजे संपला." एवढी एक गोष्ट सोडली तर माणूस चांगला होता. गाय व्याली तर तिच्याशेजारी बसून राहणारा, कोणाच्या घरी दुखणं असलं तर हाक न मारता जाणारा. गावात तिला कोणी आवडत नसे असं जे सोनाक्का म्हणते, त्यात रखमाजीला धरायचं नाही.

एका उन्हाळ्यात हैबतरावाच्या मनात आलं की ओढ्याचं पाणी बांध घालून आपल्या मळ्याकडे वळवावं. चावडीवर सगळे बसले होते. घोडेवाले माना डोलवत होते, पोपटवाले घोडेवाल्यांकडे बघून डोलवत होते. रखमाजी एकटा बोलला. तोही काही फार बोलला नाही. "पाटील, पाणी वळवलं तर खालच्या आळीची जनावरं काय पितील?" एवढंच.

माना डोलायच्या थांबल्या. हैबतराव म्हणाला, "बघू," आणि बैठक उठली. बांध त्या साली राहिला.

पुढच्या पाडव्याला रखमाजीच्या हातावर पोपट पडला.

त्याला वाटलं, वाटणाऱ्यानं चूक केली असेल. तो बराच वेळ अंगणात घुटमळला, कोणी हाक मारील म्हणून. कोणी मारली नाही. घरी येऊन तो आवडाईला म्हणाला, "गर्दीत गफलत झाली असंल."

"गफलत न्हाई झाली," आवडाई म्हणाली. "तुमची किंमत केली त्यानं. पोपटाएवढी. आता तो पोपट मोडा आणि चहाटळांच्या तोंडावर खाऊन दावा."

रखमाजीनं खाल्ला नाही. चौकटीला टांगलाही नाही. लोक मात्र बघायचे ते बघून गेले. काल "दादा, दादा" करणारे लोक रस्ता बदलून जाऊ लागले. त्याच्या पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं. वर्षभर तो पाटलाच्या वाटेवर उभा राहून मुजरा करत राहिला. पाटील वर बघत नसे. आणि पुढच्या पाडव्याला पळसाच्या पानात चुरा आला.

मग रखमाजीनं जे केलं ते आवडाईला जन्मभर डाचलं, असे सांगतात. तो चावडीवर गेला, सगळ्यांसमोर पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "पाटील, त्या दिवशी मी चुकलो. पाणी तुमचंच हाय." हैबतराव म्हणाला, "बरं झालं उमजलं." महिन्याभरात ओढ्याला बांध पडला. खालच्या आळीच्या बायका कोसभरावरून घागरी आणू लागल्या. आणि पाडव्याला रखमाजीला पुन्हा चुराच मिळाला.

आवडाई त्या दिवशी नवऱ्याला काही बोलली नाही. बोलायला गेली असती तर थांबता आलं नसतं. आपला शब्द त्यानं विकला, आणि विकून बदल्यात साखरेचा घोडासुद्धा मिळवला नाही, हे तिला गिळता येईना. ती त्याला जेवायला वाढायची, त्याचं अंथरूण घालायची, पण त्याच्याकडेही ती इतरांकडे बघायची तशीच बघू लागली. ते त्याला कळत होतं. तो दिवसेंदिवस वाळत गेला. ना ताप, ना खोकला. वैदूनं नाडी बघितली आणि मुळी उगाळून दिली. मुळीनं काही झालं नाही.

शिमगा तोंडावर आला. रखमाजी पडवीत खाटेवर पडून असायचा. एका सकाळी त्यानं विचारलं, "पाडवा कधी हाय गं?"

"आलाच."

"यंदा येईल का घोडा?"

आवडाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मरायला टेकलेला माणूस, आणि त्याच्या मनात काय, तर मिशीवाला घोडा. तिला इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. तिनं सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि ती थेट पाटलाच्या घरी गेली. त्या उंबऱ्यावर काही मागायला ती जन्मात कधी गेली नव्हती.

हैबतराव झोपाळ्यावर पाय पसरून बसला होता.

"माझा मालक जायला लागलाय," आवडाई म्हणाली. "पाडव्यापर्यंत ऱ्हाईल असं वाटत न्हाई. त्याला एक घोडा द्या."

हैबतरावाला इतका आनंद झाला की त्यानं झोपाळा थांबवला. "आवडाई माझ्या दारात! काय दिवस उगवला म्हणायचा. अगं, पण घोडा असा कुणालाही देत न्हाईत. मान असतो तो. रखमाजीला म्हणावं, ये, पायावर डोकं ठेव. मग बघू."

"त्याला उठवत न्हाई."

"मग तू ठेव."

आवडाईनं त्याच्या पायांकडे बघितलं. तेल चोळून चकचकीत केलेले, फुगलेले पाय. आणि असे सांगतात की ती खरोखर वाकली. रखमाजीसाठी वाकली. गुडघे मोडले, हात पुढे झाला. तेवढ्यात तिची नजर झोपाळ्याखालच्या परातीवर गेली. परातीत पाडव्यासाठी साफ करायला काढलेले साचे पाण्यात पडले होते. त्या काळ्या लाकडांत घोडे उलटे कोरलेले, पाय वर, पोटं वर, आणि त्यांच्यावरचे ते मिशीवाले पाटील डोक्यावर पडलेले, नाकातोंडात पाणी. आवडाईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं. ती वाकल्या वाकल्या हसत राहिली, तशीच उठली आणि पाठ फिरवून चालू लागली.

"हसतीस काय?" मागून हैबतराव ओरडत होता. "हसतीस काय, सांग!"

तिनं सांगितलं नाही. पण वाटेत हसू सरलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. आपणही वाकलो होतो. अर्ध्यापर्यंत का होईना, वाकलो होतो. आजवर ज्यांना नावं ठेवली त्यांच्यात आणि आपल्यात तेवढंच अंतर होतं.

घरी येऊन ती आतल्या खोलीत गेली. रांजणातून तिनं फडकी बाहेर काढली. रखमाजीनं जपून ठेवलेले सगळे घोडे त्यांत होते. काळवंडलेले, पाय नसलेले, काहींना डोकी नव्हती. तिनं ते पाट्यावर घेतले आणि वरवंट्यानं फोडले. कढईत पाणी घालून चुलीवर चढवले. पाक उकळला तशी वर्षावर्षाची काजळी, मेलेल्या मुंग्या, सुताचे धागे, सगळं वर आलं. तिनं दुधाचा हबका मारला, मळी काढली, पुन्हा मारला, पुन्हा काढली. हळूहळू पाक स्वच्छ झाला. आता तो ओतायचा कशात? घरात साचा कुठला! चौकट बसवली तेव्हाचा लाकडाचा एक तुकडा परसात पडला होता. सुतारानं पटाशीची धार बघायला त्यात चौकोनी खाचा पाडल्या होत्या. तिनं तो धुतला, भिजवला आणि त्यात पाक ओतला.

तिसऱ्या प्रहरी वड्या निघाल्या. ठेंगण्या, चौकोनी, कडा जरा वाकड्या. त्यातली एक घेऊन ती खाटेपाशी आली आणि तिनं ती रखमाजीच्या तळहातावर ठेवली.

त्यानं ती उलटसुलट करून बघितली. "हे काय?"

"साखर."

"ह्याला तोंड न्हाई."

"न्हाई."

"कुठनं आणलीस?"

"तुमच्याच घोड्यांची केली. सगळे मोडले."

रखमाजीनं डोळे मिटून घेतले. आवडाईला वाटलं, आपण त्याला मारलंच. मग त्यानं हात उचलून वडी तोंडात घातली. ती गालात धरून तो पडून राहिला. त्याचा गळा हलला, पुन्हा हलला.

"गोड हाय की गं," तो म्हणाला. जणू त्याला कोणी वेगळंच काही सांगितलं होतं. "इतकी वर्षं टांगून ठेवली मी. कुणी खाऊनच बघत न्हाई गं आपल्या गावात."

आवडाईनं त्याच्याकडे बघितलं, आणि पूर्वी बघायची तसं बघितलं. संध्याकाळी दिवेलागणीला तो गेला.

तेरावं झालं आणि दोन-चार दिवसांनी पाडवा आला. ज्या घरी मयत झालं त्या घरानं वर्षभर सण करायचा नसतो. गुढी उभारायची नाही, गोडधोड करायचं नाही. त्यातून नवी विधवा. सणाच्या दिवशी ती समोर आली तरी लोक खाकरून थुंकत. आवडाईला हे सगळं ठाऊक होतं. तिनं उरलेल्या वड्या टोपलीत घेतल्या, कपाळ उघडं ठेवलं आणि ती गावातल्या मधल्या वाटेनं निघाली.

पहिल्या दाराशी शेजारीण सखू उभी होती. तिनं आवडाईला बघितलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दारी म्हातारा निळोजी होता. त्यानं चिमटीत वडी धरली आणि कोनाड्यात ठेवू लागला.

"खा," आवडाई म्हणाली.

"मागनं खाईन की."

"आत्ता खा."

निळोजीनं इकडेतिकडे बघितलं आणि घाबरून वडी तोंडात टाकली. तो चावत असताना आवडाई त्याच्या डोक्यावर लोंबणाऱ्या घोड्याकडे बघत उभी होती. तोंड हलायचं थांबलं तशी ती पुढे गेली. असंच ती दारोदार करत गेली. कोणी दार लावलं, कोणी शिव्या दिल्या, कोणी निमूट खाल्लं. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती. दुःखही दिसत नव्हतं, म्हणे. घशात औषध ओतायला आलेल्या माणसासारखी ती प्रत्येकासमोर उभी राहत होती.

आणि अशी ती पाटलाच्या अंगणात पोचली. साखर वाटायची वेळ झाली होती. सारं गाव जमलं होतं. हैबतराव हातात पहिला घोडा घेऊन उभा होता. आवडाईला बघून गर्दी दुभंगली, तिची सावली नको म्हणून.

"बाहेर काढा तिला," हैबतराव म्हणाला. "सुतकाची बाई सणाच्या दिवशी... आणि टोपलीत काय आणलंस ते?"

तेवढ्यात ओसरीवरच्या अंधारातून एक म्हातारी काठी टेकत खाली आली. ती हैबतरावाची आई, गोजराई. तिचा नवरा जाऊन उभा जन्म लोटला होता. पाटलाच्या घरची साखर गावभर जायची, पण विधवेला गाठी द्यायची नाही या रीतीपायी गोजराईच्या वाट्याला पोपटाचा तुकडाही कधी आला नव्हता. पोराचे साचे मात्र तीच भिजत घालायची, पुसून ठेवायची.

"काय वाटतीस गं?" तिनं विचारलं.

"साखर."

"मला दे."

"आई, आत जा," हैबतराव म्हणाला. "तिच्या हातचं खायचं न्हाई. सुतकाची हाय, विधवा हाय."

"आणि मी कोण हाय?" म्हातारी म्हणाली. ती आवडाईच्या अगदी जवळ आली आणि आवाज खाली करून बोलली, पण अंगण इतकं गप्प झालं होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "तुला माझा राग येतो. असलं पोर जन्माला घातलं म्हणून."

"राग न्हाई," आवडाई म्हणाली. "किळस येती."

"येऊ दे," म्हातारीनं हात पुढे केला. "पण दे."

आवडाईनं वडी तिच्या तळहातावर ठेवली. गोजराईला दात नव्हते. तिनं वडी तोंडात घोळवायला घेतली आणि ती विरघळेपर्यंत सगळं गाव ताटकळत उभं राहिलं. कोणाला हलता येईना. हैबतरावाच्या घामट मुठीत घोडा पाघळू लागला. स्वाराच्या मिशा त्याच्या बोटांना चिकटल्या आणि पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. म्हातारी डोळे मिटून चोखत होती. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं की काय, ते कोणी नीट बघितलं नाही. शेवटी तिनं ओठ पुसले.

"आणिक हाय का?" ती म्हणाली.

टोपलीत होती तेवढी आवडाईनं दिली.

त्या वर्षीही लोकांनी घोडे आणि पोपट घेतले. माणसं एका दिवसात बदलत नाहीत, आणि ही तर मुळीच बदलण्यातली नव्हती. पण दाराला टांगताना त्यांचे हात जरा अडखळू लागले, म्हणे. आणि हैबतराव अस्वस्थ झाला. गाव आपल्याला हसत नाही याची त्याला आता खात्री वाटेना. म्हणून पुढच्या पाडव्याला त्यानं आवडाईकडे हत्ती पाठवला. सोयऱ्यांना मिळायचा तो मोठा हत्ती, चांदीच्या तबकात, वर रेशमी रुमाल, पुढे वाजंत्री. बघायला गाव लोटलं. असा मान आजवर कोणालाही मिळाला नव्हता.

आवडाई वरवंटा घेऊन बाहेर आली. रुमाल बाजूला सारला, हत्ती उंबऱ्यावर ठेवला आणि पहिल्या घावात त्याचं डोकं फोडलं. वाजंत्री थांबली. ती खाली बसून शांतपणे घाव घालत राहिली, जात्यावर दाणे भरडावेत तशी. तुकडे तिनं पदरात गोळा केले.

"पाटलांना सांगा, पोचला," ती तबकवाल्यांना म्हणाली. "आणि तबक न्या. मला त्यात काही खाता येत न्हाई."

त्या साखरेच्या वड्या करून ती पुन्हा गावभर हिंडली. आता सगळे वाट बघू लागले की हिचं काय होतं. घर जळतं की बैल मरतात. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही आवडाई पाण्याला गेली आणि वाटेत भेटेल त्याच्याकडे पूर्वीसारखीच बघत गेली. मग एका दुपारी सखू परसातून आली, पदराखाली पोपट लपवून.

"आवडाकाकू, ह्याचंबी तसलंच करून द्या की."

"पोपट मोडायला माझ्याकडं आलीस?" आवडाई म्हणाली. "तुला हात न्हाईत? जा घरी."

सखू घरी गेली आणि तिनं आपला पोपट आपल्या हातांनी मोडला. तिचं बघून निळोजीच्या सुनेनं घोडा उतरवला. त्या उन्हाळ्यात कढया चढल्या, लाकडाच्या तुकड्यांना खाचा पडल्या, आणि चौकटी एकेक करून मोकळ्या झाल्या. ज्यांना आता घोडा नको होता, त्यांना पाटलाची भीती कशाची उरली? एके सकाळी खालची आळी आणि वरची आळी मिळून ओढ्यावर गेली आणि त्यांनी बांध फोडला. हैबतराव झोपाळ्यावर बसून ओरडत राहिला. त्याच्या हाकेला कोणी आलं नाही.

यावरून आवडाईला गावाचं कौतुक वाटलं असेल, असं पाहुण्यांना वाटतं. सोनाक्का मान हलवते. आवडाईला कौतुक वगैरे काही वाटलं नाही. "माझ्या मालकाच्या वेळेला ह्यांच्या जिभा कुठं होत्या?" एवढंच ती म्हणाली, आणि मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. वड्या मात्र तिनं, घाट चढणाऱ्या तांड्यांकडून मूठमूठ साखर घेऊन, दर पाडव्याला केल्या आणि वाटल्या.

ती फार म्हातारी झाली तेव्हाची एक गोष्ट सांगतात. तिला चालवत नव्हतं. पाडव्याला ती पडवीत बसून होती. दुपार कलली तेव्हा अंगणात हैबतराव येऊन उभा राहिला. मिशा पांढऱ्या होऊन खाली लोंबत होत्या. गोजराई कधीच गेली होती, सोयरे हत्तीबरोबर सरले होते, घरात कोणी बोलायला नव्हतं. त्यानं पुढे येऊन मूठ उघडली. मुठीत एक वडी होती. काळपट, वाकडी, एक कोपरा तुटलेला. त्यानं ती स्वतः केली होती, कोणाला न सांगता, पहिल्यांदाच.

आवडाईनं ती घेतली आणि उजेडात धरून बघितली. हैबतराव तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला काहीतरी ऐकायचं होतं. झालं गेलं विसरले असं, किंवा निदान शिवी तरी.

"पाक करपलाय," आवडाई म्हणाली.

तिनं वडी तोंडात टाकली, सावकाश चघळून पूर्ण खाल्ली, आणि हात पुसून ती दुसरीकडे बघू लागली. हैबतराव जरा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. जाताना तो रडत होता असं कोणी म्हणतात, कोणी म्हणतात हसत होता. आवडाईनं बघितलंच नाही.

आजही वाघजळीत पाडव्याची वडी हातावर पडली की कोणी आभार मानत नाही. आधी ती उजेडात धरून तिची खोड काढतात. पाक कच्चा राहिला, कडा फुटल्या, मळी नीट काढली नाही. पहिली वडी देण्याचा मान गावातल्या विधवेचा असतो आणि तिच्या वडीचीही खोड निघते. पाहुण्यांनी "वा, छान" म्हटलं तर देणारी बाई तोंड फिरवते. खोड काढून झाली की मग ती वडी सगळी खायची, देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, कणभरही न ठेवता.